गॅल्व्हस्टन, १९०१: वादळानंतर पाच माणसांच्या हाती गेलेले शहर

विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत अमेरिकेत कारभार सुधारण्याचे वारे जोरात होते. प्राथमिक निवडणुका, मतदारांनी थेट कायदा सुचवण्याचा हक्क, निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क, सिनेटरची थेट निवड हे सगळे त्याच काळातले. शहरांपुरते बोलायचे तर सर्वांत जास्त नक्कल झालेला प्रयोग टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हस्टन या सखल बेटावर झाला: नगरसभेऐवजी पाच कमिशनरांच्या मंडळाने शहर चालवायचे, म्हणजेच कमिशन पद्धत. ही सुधारणा वादळाने घडवली आणि पुढे देशाने ती डोक्यावर घेतली, असे तिचे वर्णन सहसा केले जाते. मला ते अपुरे वाटते. वादळाने दार उघडले हे खरे, पण आत कोण शिरले, दार पुन्हा बंद कुणी केले आणि बाहेर कोण राहिले, हे निर्णय माणसांनी घेतले होते.

आधीचे शहर

१९००च्या जनगणनेत गॅल्व्हस्टनची लोकसंख्या ३७,७८९ होती. मेक्सिकोच्या आखातातले हे लांबट, वाळूचे बेट. त्यावरची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेनऊ फुटांवर. शहर कापसाच्या निर्यातीवर उभे होते आणि बंदर म्हणजे शहराचा श्वास. त्या बंदराचे धक्के एका खाजगी कंपनीच्या ताब्यात होते. शहराकडे तिचे सुमारे एक तृतीयांश समभाग होते, पण सूत्रे व्यापाऱ्यांच्या हातात.

१८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या बड्या व्यापाऱ्यांनी, बँकवाल्यांनी आणि वकिलांनी मिळून ‘डीप वॉटर कमिटी’ स्थापन केली. मोठी जहाजे आत यावीत म्हणून खाडीचे तोंड खोल करून घेणे हा तिचा हेतू. १८९० मध्ये तिने काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, ६२ लाख डॉलर मंजूर करून घेतले आणि दगडी बांध घालून खोल वाट मिळवली. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय या मंडळींना द्यायलाच हवे. पण वॉशिंग्टनमधून पैसा आणता येतो, मग आपलीच नगरसभा आपल्याला का आवरत नाही, ही खंतही तिथूनच वाढत गेली.

नगरसभा महापौर आणि नगरसेवकांची, जुन्या वळणाची. शहराचे बारा प्रभाग होते आणि प्रत्येक प्रभाग आपला माणूस पाठवी. १८८३ मध्ये बाराव्या प्रभागातून नॉरिस राइट क्युनी हा कृष्णवर्णीय पुढारी निवडून आला. त्याने त्याच सुमारास धक्क्यावरच्या कृष्णवर्णीय कामगारांना संघटित केले आणि तोवर गोऱ्या कामगारांसाठी राखलेली कामे त्यांना मिळवून दिली. म्हणजे प्रभागपद्धतीत धक्क्यावरच्या मजुराचा आवाज नगरसभेपर्यंत पोचत होता.

१८९५ मध्ये पहिला बदल झाला. नगरसेवक प्रभागातून निवडण्याऐवजी सगळ्या शहराच्या मतांनी निवडायचे ठरले. कारण सांगितले गेले ते असे: प्रभागाचा माणूस आपल्या गल्लीपुरते पाहतो, शहराचा माणूस शहराचे पाहील. शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याइतके होते. एखाद्या प्रभागात त्यांच्या मतांना वजन होते, पण सगळ्या शहराच्या बेरजेत ते विरून गेले. त्यानंतर नगरसभेत कृष्णवर्णीय चेहरा दिसेनासा झाला. या प्रकरणातला पहिला निर्णायक टप्पा वादळाच्या पाच वर्षे आधीच येऊन गेला होता, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

८ सप्टेंबर १९००

शनिवार होता. दिवसभर पाणी चढत गेले आणि संध्याकाळी समुद्राचा लोंढा पंधरा फुटांहून उंच आला. पावणेनऊ फुटांच्या बेटावर याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. सुमारे ३,६०० घरे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा ६,००० ते १२,००० असा सांगितला जातो, ८,००० हा सर्वसाधारण अंदाज. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एका वेळी इतकी माणसे कधीच गेली नाहीत.

समुद्रभिंतीचा विषय आधी निघाला नव्हता असे नाही. पण इथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये लिहिले होते की अशा वादळाची भीती निराधार आहे. त्या वादळात त्यांची पत्नी गेली.

पुढचे आठवडे भयंकर होते. प्रेते पुरायला जागा नव्हती. समुद्रात सोडलेली प्रेते लाटांनी परत आणली, मग ठिकठिकाणी चिता रचाव्या लागल्या. प्रेते उचलण्याच्या कामाला कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपले गेले. मदतकार्य नगरसभेने चालवले नाही. नागरिकांची एक मध्यवर्ती मदत समिती बनली आणि तिच्यात तीच बडी मंडळी पुढे होती. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन, वयाच्या ७८व्या वर्षी, स्वतः येऊन राहिल्या. काम झाले आणि झपाट्याने झाले. त्यातूनच एक विचार पक्का होत गेला: संकटात चालली ती समिती, मग नेहमीसाठी नगरसभा कशाला?

अडचण नेमकी कोणती?

वरवर उत्तर सोपे आहे. शहर उद्ध्वस्त झाले होते, तिजोरी रिकामी होती, कर बसवायला मालमत्ताच उरली नव्हती आणि रोख्यांवरचे व्याज देता येत नव्हते. पण हे प्रकरण समजून घ्यायचे तर दोन अडचणी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली अडचण पैशाची आणि बांधकामाची. समुद्र अडवायचा कसा, शहर उचलायचे कसे आणि त्यासाठी कर्ज द्यायला कुणी धजावेल का? दुसरी कारभाराची. नगरसभा वर्षानुवर्षे तूट काढत आली होती आणि तूट भरायला नवे रोखे काढत होती. हिशेब ढिसाळ होते. डीप वॉटर कमिटीने या दोन अडचणी एकच म्हणून मांडल्या: कारभार बदलल्याशिवाय कर्ज मिळणार नाही आणि कर्जाशिवाय शहर वाचणार नाही. मांडणी प्रभावी होती आणि तिच्यात तथ्यही होते, कारण रोखे विकत घेणाऱ्यांचा नगरसभेवरचा विश्वास खरोखरच उडाला होता. पण एकदा दोन प्रश्न असे बांधले गेले की दुसऱ्यावर वेगळी चर्चा होऊ शकली नाही. भिंत हवी की नको, याला ‘हवी’ शिवाय दुसरे उत्तर नव्हते. मग भिंत बांधणारे म्हणतील ती सनदही, म्हणजे शहराचा कारभार कसा चालावा हे ठरवणारा राज्याचा कायदाही, हवीच, असे ठरून गेले.

समोरचे पर्याय

बेट सोडून मुख्य भूमीवर जावे असे काहींना वाटले. बंदरात गुंतलेल्यांनी ते मनावर घेतले नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जुनी चौकट ठेवून पुढच्या निवडणुकीत चांगली माणसे आणणे. तो संथ होता आणि कर्ज देणाऱ्यांना पटवायला पुरला नसता.

तिसरा, त्या काळच्या नगरसुधारकांचा आवडता: महापौराला बळ द्यायचे, नेमणुकांचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती आणि नगरसभा फक्त कायदे करणारी. राष्ट्रीय पातळीवरच्या सुधारकांनी नुकताच असा नमुना पुढे केला होता. यात प्रभागांचे प्रतिनिधी ठेवूनही जबाबदारी एका जागी आणता आली असती. माझ्या मते या पर्यायाला मिळायला हवा होता तेवढा विचार मिळाला नाही.

चौथा पर्याय कमिटीला सर्वांत जवळचा वाटला. मेम्फिस शहरात १८७८च्या पीतज्वरात हजारो माणसे मेली, शहर दिवाळखोर झाले आणि पुढच्या वर्षी त्याची सनदच रद्द होऊन राज्याच्या देखरेखीखाली थोड्या माणसांचे मंडळ कारभार पाहू लागले. राजधानी वॉशिंग्टनही १८७०च्या दशकापासून नेमलेल्या तीन कमिशनरांकडे होती. म्हणजे कोलमडलेले शहर नेमलेल्या मंडळाच्या हाती द्यायला पूर्वाधार होते. त्यात कमिटीने धंद्यातला अनुभव मिसळला. कंपनीला संचालक मंडळ असते, प्रत्येक संचालक एकेका खात्याकडे पाहतो, निर्णय टेबलावर होतो. शहर तसे का चालू नये?

सनद

आर. वेव्हर्ली स्मिथ, वॉल्टर ग्रेशम आणि फॅरेल मायनर या वकिलांनी मसुदा बनवला. मूळ बेत पाचही कमिशनर राज्यपालांनी नेमण्याचा होता. राज्याची राजधानी ऑस्टिन इथे विधिमंडळात त्यावर जोरदार आक्षेप आले. कर भरणारे शहरातले आणि कर लावणारे राज्यपालांनी पाठवलेले, हे टेक्साससारख्या राज्यात सहज गळी उतरणारे नव्हते. अखेर तोडगा निघाला: तिघे नेमलेले, दोघे निवडलेले. बहुमत नेमलेल्यांचेच राहिले, म्हणजे कमिटीला जे हवे होते ते मिळाले.

सप्टेंबर १९०१ मध्ये, वादळाला वर्ष होताच, पहिल्या कमिशनने काम हाती घेतले. न्यायाधीश विल्यम ऑस्टिन महापौर-अध्यक्ष, त्यांच्याकडे स्वतंत्र खाते नाही, एकूण देखरेख. बाकी चौघांकडे चार खाती: वित्त व महसूल, पोलीस व अग्निशमन, रस्ते व सार्वजनिक मालमत्ता, पाणीपुरवठा व सांडपाणी. पगार नाममात्र, कारण ही पूर्णवेळची नोकरी समजली गेली नव्हती. रोजचे काम खात्याच्या अधीक्षकाने करायचे, धोरण कमिशनरने ठरवायचे.

यातला सर्वांत लक्षात राहणारा माणूस वित्ताचा कमिशनर आयझॅक केम्पनर. ज्यू कापूस-व्यापारी घराण्यातला, तेव्हा अजून तिशीच्या आतला. त्याने रोखेधारकांशी बोलणी करून व्याजाचा भार हलका करून घेतला, खात्यांना ठरल्या रकमेत राहायला लावले, थकलेले कर वसूल केले आणि रोजचा खर्च कर्जाऐवजी उत्पन्नातून भागवण्याची शिस्त आणली. १९१५ पर्यंत तो त्या जागेवर होता. कमिशन पद्धतीच्या यशाची उदाहरणे देताना लोक खरे तर या एका माणसाच्या कामाचे पुरावे देतात. पद्धत आणि माणूस यांना वेगळे मोजायला कुणी थांबले नाही.

न्यायालयाने घातलेला अडसर

१९०३ मध्ये शहराच्या एका नियमाच्या भंगावरून अटक झालेल्या माणसाने वेगळाच प्रश्न विचारला: ज्यांनी हा नियम केला त्यांना तो करण्याचा अधिकार होता का? टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने उत्तर दिले की नाही. बहुसंख्य सदस्य नेमलेले असलेले मंडळ राज्यघटनेत बसत नाही. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका दिवाणी प्रकरणात उलटे मत दिले. टेक्सासमध्ये फौजदारी आणि दिवाणी अशी दोन वेगळी शिखर न्यायालये आहेत, त्यामुळे पेच सुटेना. शहराचे नियम मोडणाऱ्याला शिक्षा करता येईना, मग कारभार चालवायचा कशाच्या जोरावर?

विधिमंडळाने घाईने सनद दुरुस्त केली आणि पाचही कमिशनर निवडून द्यायचे ठरवले. निवडणूक झाली आणि तीच माणसे निवडून आली.

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. नेमणुकीला विरोध करणाऱ्यांनी लोकशाहीची लढाई जिंकली खरी, पण निवड शहरभराच्या मतांनीच होणार हा मुद्दा कुणी हलवला नाही. १९०२ मध्ये टेक्सासने मतदानासाठी डोईपट्टी भरण्याची अटही घातली आणि गरीब मतदार, गोरा असो वा काळा, आणखी मागे ढकलला गेला. राज्यपालांची नेमणूक गेली तरी कमिटीचे काही बिघडले नाही, कारण मतदारसंघ आता तिला अनुकूल आकाराचा झाला होता.

भिंत कुणी बांधली?

गॅल्व्हस्टनची कीर्ती पसरली ती भिंतीमुळे. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

शहराने तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले: हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ली. (सभा कशी चालवावी याचे नियम लिहिणारे ते हेच जनरल रॉबर्ट, आजही त्या नियमांनी देशोदेशीच्या संस्था चालतात.) त्यांनी १९०२च्या सुरुवातीला दोन कामे सुचवली: सतरा फूट उंचीची, समुद्राकडे वक्र तोंड असलेली काँक्रीटची भिंत, आणि तिच्यामागच्या शहराची जमीन उचलणे.

भिंतीचा खर्च काउंटीने, म्हणजे शहर ज्यात येते त्या जिल्ह्याने, उचलला. १५ लाख डॉलरचे रोखे गॅल्व्हस्टन काउंटीने काढले, मतदारांनी ते जवळपास एकमुखाने मंजूर केले आणि ऑक्टोबर १९०२ ते जुलै १९०४ या काळात तीन मैलांहून लांब भिंत उभी राहिली. काउंटी म्हणजे जुन्या पद्धतीचा, भागाभागातून निवडलेल्या सदस्यांचा कारभार. म्हणजे जी चौकट मोडकळीला आली असे शहराने ठरवले होते, तशाच चौकटीने नव्या शहराची ओळख बनलेली वास्तू बांधली, तीही वेळेत. देशभर मात्र श्रेय कमिशनला गेले. मासिकांनी भिंतीचे वर्णन आणि पाच कमिशनरांची नावे एकाच लेखात छापली आणि वाचकाने दोहोंची गाठ मारून टाकली.

जमीन उचलण्याचे काम शहराचे, आणि त्यात राज्याने आपले कर शहराला ठेवू देऊन मोठी मदत केली. हे काम वाचतानाही दम लागतो. शहराचे चौकोनी तुकडे पाडून त्यांना मातीच्या बांधाने वेढायचे, आतली घरे जॅकवर उचलून धरायची, शहरातून खणलेल्या कालव्यातून ड्रेजर आत आणायचे आणि पाण्यात कालवलेली वाळू घरांखाली ओतायची. पाणी निघून जाई, वाळू बसे. १९११ पर्यंत २,००० हून अधिक इमारती अशा उचलल्या गेल्या. त्यात सेंट पॅट्रिकचे सुमारे ३,००० टनांचे चर्चही होते. काही वर्षे लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत. खाऱ्या पाण्याने झाडे मेली. आपले घर उचलण्याचा खर्च घरमालकाने स्वतः करायचा होता. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्या घराचे काय, हा प्रश्न पाच माणसांच्या टेबलावर कुणी मांडायचा? तिथे बसलेल्यांपैकी कुणीही त्या गल्लीतून निवडून आलेला नव्हता.

टेबलाबाहेरून दबाव मात्र आला. १९०१ मध्ये शहरातल्या स्त्रियांनी आरोग्य-रक्षणासाठी संघटना काढली. त्यांनी दफनभूमी सावरल्या, झाडे पुन्हा लावली आणि दूध-बाजारांच्या स्वच्छतेसाठी अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या. त्यांना मताचा हक्क नव्हता. तरी कमिशनच्या काळात शहराची रोजची दुखणी इतक्या चिकाटीने सांगणारे दुसरे कुणी मला दिसत नाही.

निष्पत्ती

१९१५ मध्ये १९००च्या तोडीचे वादळ आले. भिंत टिकली आणि शहरातली मनुष्यहानी अगदी थोडी झाली. हे यश निर्विवाद आहे. पण बंदराचे वैभव परतले नाही. जानेवारी १९०१ मध्ये टेक्सासमधल्याच स्पिंडलटॉपला तेल लागले, १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाज-कालवा खुला झाला आणि व्यापार आत सरकला. कारभाराची कोणतीही पद्धत ते थांबवू शकली नसती.

नमुना मात्र झपाट्याने पसरला. १९०५ मध्ये ह्यूस्टन, १९०७ मध्ये डॅलस. त्याच वर्षी आयोवातल्या डे मॉइनने त्यात पक्षविरहित प्राथमिक निवडणूक, मतदारांचा कायदा सुचवण्याचा व नाकारण्याचा हक्क आणि परत बोलावण्याची तरतूद जोडली. आपत्तीतून निघालेल्या चौकटीला लोकांचा लगाम घातला तो डे मॉइनने. १९२०च्या सुमारास ही पद्धत सुमारे ५०० शहरांत होती.

उणिवाही लवकरच दिसल्या. जे पैसे मंजूर करतात तेच खर्च करतात, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही: तू माझ्या पाणीखात्याला हात लावू नकोस, मी तुझ्या रस्त्यांना लावणार नाही. आणि पाच बरोबरीच्या माणसांत प्रमुख कोणीच नाही. केम्पनरसारखा माणूस असेल तर हे झाकले जाते. मार्च १९१३ मध्ये ओहायोतल्या डेटनला महापुराने झोडपले, तेव्हा त्या शहराने गॅल्व्हस्टनचा नमुना घेतला नाही. निवडलेले मंडळ आणि त्याने नेमलेला व्यावसायिक व्यवस्थापक, ही रचना १ जानेवारी १९१४ पासून तिथे सुरू झाली आणि पुढे कमिशन पद्धत तिच्यापुढे मागे पडत गेली.

वेगळे काय करता आले असते

१९०१च्या सनदेला मुदत घालता आली असती. संकटासाठी पाच वर्षे हे मंडळ, त्यानंतर मतदारांनी ठरवावे, एवढी एक ओळ. रोखेधारकांना पाच वर्षांची खात्री पुरली असती, कारण तडजोड अवघड होती ती सुरुवातीच्या वर्षांतच. मुदत नसल्यामुळे आपत्काळाची व्यवस्था हीच नेहमीची व्यवस्था झाली.

दुसरी संधी १९०३ची. न्यायालयाने सनद फोडली तेव्हा विधिमंडळाला ती पुन्हा लिहायचीच होती. पाच कमिशनर शहरभरातून, पण अंदाजपत्रक तपासायला प्रभागांतून निवडलेले एक मंडळ, एवढा बदल करता आला असता. त्यामुळे गती फारशी कमी झाली नसती आणि खर्च करणाऱ्याला विचारणारा कुणी राहिला असता. घर उचलायला पैसे नसलेल्या माणसालाही बोलायला जागा मिळाली असती. तेव्हा सगळा वाद नेमणूक की निवडणूक एवढ्यावरच अडकला. मतदारसंघ कसा आखायचा हा प्रश्न, जो कृष्णवर्णीयांसाठी खरा प्रश्न होता, मांडणारे त्या सभागृहात कुणी उरले नव्हते.

त्याची किंमत इतर शहरांनीही दीर्घकाळ मोजली. अलाबामातल्या मोबीलने १९११ मध्ये तीन कमिशनरांची, शहरभरातून निवडीची पद्धत घेतली. तिच्याविरुद्ध कृष्णवर्णीय मतदारांचा खटला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. भेदभावाचा हेतू सिद्ध करा, असे न्यायालय म्हणाले आणि मतदार हरले. १९८२ मध्ये काँग्रेसने मतदान हक्क कायदा दुरुस्त करून परिणाम दाखवणे पुरेसे ठरवले, आणि १९८५ मध्ये मोबीलने कमिशन सोडले.

गॅल्व्हस्टनने स्वतः १९६० मध्ये ही पद्धत मोडीत काढून व्यवस्थापक नेमला. शहरभरातून निवड मात्र त्यानंतरही चालू राहिली. तिच्याविरुद्ध खटला झाला आणि १९९०च्या दशकात, १८९५च्या बदलानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, शहर पुन्हा प्रभागवार नगरसेवक निवडू लागले.